एक तारखेची खरवड

इस्मेनीला लहानपणी बरीच वर्षं वाटायचं, की तो कागद म्हणजे भोपळ्याचा मंत्र आहे. दर एक जानेवारीला, आमच्या स्वातंत्र्याच्या दिवशी, आर्शिल मास्तर काळा कोट चढवून ओसरीवर उभे राहायचे आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा फ्रेंचमधून खणखणीत वाचायचे. अंगणात शेगडीवर लाल भोपळ्याचं सूप रटरटत असायचं. वाचन संपलं की टाळ्या, टाळ्या संपल्या की वाडगे. मंत्राशिवाय भोपळा शिजत नसावा, एवढाच अर्थ तिनं लावला होता. त्या कागदावर सह्या झाल्या त्या आमच्याच गोनाईव गावात, पण तिला फ्रेंच कुठून कळणार? ती डोंगरातून आलेली पोर, मास्तरांच्या घरी पाणी भरायला ठेवलेली.

आईबापांनी तिला तिथं सोडलं ते शाळेच्या आशेनं. शाळा राहिली बाजूला. उजाडायच्या आत नळावरून पाणी, मग केर, मग धुणं, मग मास्तरांच्या मुलींच्या वेण्या. मास्तरीणबाईंना ‘मावशी’ म्हणायचं अशी शिकवण होती. आमच्याकडे अशा ठेवलेल्या सगळ्याच पोरी घरच्या बाईला मावशी म्हणतात. मायेचं नाव इतक्या कोरड्या तोंडानं दुसरीकडे कुठे घेत असतील की नाही, शंकाच आहे.

एक तारखेच्या सुपाचा भोपळा इस्मेनी चिरायची, मांसाला लिंबू ती चोळायची, पातेलं ती ढवळायची. सगळ्यांचे वाडगे भरून झाले की तळाला लागलेली खरवड तिची. एकदा एका पाहुण्या बाईनं विचारलं, “अगं, तू नाही घेतलंस?” मावशी काही बोलायच्या आत पोरच हसून म्हणाली, “मला खरवडच आवडते, बाई.” पाहुणीचं समाधान झालं, मावशीची अब्रू राहिली. लेकराला असलं शहाणपण यावं, यासारखं वाईट काही नाही.

हे सूप नेमकं एक तारखेलाच का, ते तिला कळलं मोठेपणी. मास्तरांचं घर सोडून ती मिठागरावर कामाला लागली होती. तिथल्या एका म्हातारीनं सांगितलं, “गुलामीत हे सूप फ्रेंच मालकांचं असायचं, बाई. रांधायचं आपण, ढोसायचं त्यांनी. नुसतं बोट बुडवलं तरी पाठ सोलून निघायची. मग मालकांना हाकललं, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांनी काय केलं? हेच रांधलं आणि पोट फुटेस्तोवर प्यायले!” म्हातारी खदाखदा हसली. इस्मेनीच्या हातातलं खोरं थांबलं.

“म्हणजे मी अजून प्यायलेच नाही की,” ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं मनाशी शपथ घेतली. आपलं घर होईल तेव्हा त्या घरात खरवडीवर कुणी जेवणार नाही.

घर झालं. समुद्राकडच्या आळीत दोन खोल्या आणि एक अंगण. नवरा मिळाला, चांगला होता, पण लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. ती बाजारात मीठ विकायची, आणि मिठासारखीच तिची जीभही खारट होती, पण एक तारखेला तिच्या अंगणाचं फाटक सताड उघडं असायचं. येईल त्याला वाडगा. पहिला वाडगा मात्र ती स्वतः घ्यायची, सगळ्यांसमोर, उभ्यानं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग ओठ पुसून म्हणायची, “हं, आता या मेल्यांनो!” लोक हसायचे. त्या वाडग्यामागे मास्तरांच्या घरची किती वर्षं होती, ते शेजारच्या ओरेलुसला तेवढं माहीत होतं. हा ओरेलुस होड्या दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात इस्मेनीला चिडवायचा.

म्हातारपणी गुडघ्यांनी दगा दिला. पाण्याची बादली उचलेना. डोंगरातल्या चुलत भावाची लेक आपल्या पोरीला, विडलीनला, घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा इस्मेनी तडकलीच.

“मी घरात पोर ठेवत नसते. आल्या वाटेनं जा.”

“ठेवू नकोस ना, आत्या,” ती बाई म्हणाली. “सांभाळ. तिकडे शाळाच नाही गं.”

विडलीन राहिली. इस्मेनीनं तिला सिस्टरांच्या शाळेत घातलं, गणवेश शिवला, रोज सकाळी स्वतः वेण्या घालून द्यायला लागली. पहिल्याच दिवशी दम दिला, “मला आजी म्हणायचं. मावशी म्हणालीस तर जीभ हासडीन.” पोर आजी म्हणू लागली आणि इस्मेनीला त्या हाकेचं वेड लागलं. कारण नसताना बाजारात बायकांना सांगायची, “जाते बाई, नात शाळेतून येईल.”

पण गुडघे काही बरे होईनात. ‘विडलीन, तेवढी बादली आण गं.’ मग ‘तेवढा कोळसा.’ मग मिठाची पाटी बाजारापर्यंत. पोर गुणी, एका हाकेला धावायची. कुठल्या दिवशी ‘तेवढं’ गळून पडलं आणि नुसतं ‘आण’ राहिलं, ते इस्मेनीला कळलं नाही. ओरेलुस एकदा रंधा मारता मारता म्हणाला, “इस्मेनी, गुडघे तुझे दुखतात आणि पाय त्या पोरीचे चालतात होय?”

“तुझी जीभ चालते तेवढे नाही चालत,” ती म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

यंदाच्या एक तारखेला विडलीननं जाहीरनामा म्हणायचं ठरवलं. तोही आपल्या रोजच्या बोलीत, क्रेओलमध्ये. शाळेत सिस्टरांनी बसवून घेतला होता. इस्मेनीनं आयुष्यभर तो फ्रेंचमध्येच ऐकलेला. तिनं सकाळी कडक इस्त्रीचा झगा घातला, डोक्याला नवा रुमाल बांधला आणि पातेल्याशेजारी वेताच्या खुर्चीत बसली. अंगण आळीतल्या माणसांनी भरलं होतं.

पोर उंबऱ्यावर उभी राहिली. आवाज आधी कापला, मग सुटला.

“ज्यांनी आपल्याला रक्तबंबाळ केलं त्यांना हाकललं, तेवढ्यानं भागत नाही! आपल्या मातीत पुन्हा कुणी कुणाला गुलाम करणार नाही, याचीही सोय केली पाहिजे. आपण स्वतंत्र जगू, नाहीतर मरू. पुढे जन्मणाऱ्यांना आणि साऱ्या जगाला साक्ष ठेवून ही शपथ घेऊ!”

इस्मेनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. एवढं होतं होय त्यात! आणि मास्तर कोट घालून हे वाचत होते, ती पातेल्यापाशी उभी असताना!

“भोपळ्याचं नावच नाही की गं त्यात कुठे,” ती नाक ओढत म्हणाली. सगळं अंगण हसलं. ती उठली, पहिला वाडगा भरला, उभ्यानं प्यायली. “हं, आता या मेल्यांनो!”

मग झुंबड. येणाऱ्यांना वाडगे, आजाऱ्यांना घरपोच वाडगे, फाटकाशी थबकलेल्या वाटसरूंना वाडगे. इस्मेनी भरत होती, विडलीन पोचवत होती. “ओरेलुसकाकांना दे. कोपऱ्यावरच्या बाळंतिणीला दे, सांडू नकोस. धाव.” पोर धावत होती. लोक तिची पाठ थोपटत होते, “काय सुंदर म्हटलंस गं!” आणि रिकामे वाडगे तिच्याच हातात देत होते.

दुपारी अंगण रिकामं झालं. इस्मेनी खुर्चीत तृप्त होऊन डोळे मिटून बसली होती. चमच्याचा खरखर आवाज आला म्हणून तिनं डोळे उघडले. विडलीन जमिनीवर बसून पातेलं तिरकं धरून तळ खरवडत होती.

“अगं, तू प्यायलीस ना?”

पोर दचकली. मग हसली आणि पटकन म्हणाली, “राहू दे आजी. मला खरवडच आवडते.”

इस्मेनी खुर्चीतून उठली. तेच शब्द. तेच हसू, मोठ्या माणसाची अब्रू सांभाळणारं. आता या अंगणातली मावशी कोण, ते कुणी सांगायला नको होतं.

“ठेव तो चमचा,” ती म्हणाली. “ऊठ. इथं बस, माझ्या खुर्चीत.”

“मी काही चुकले का?”

“तू नाही चुकलीस. बस.”

तिनं पातेल्यात पाहिलं. सुपाचा थेंब नव्हता. मग तिनं आपला पांढरा वाडगा घेतला, काठी घेतली, आणि त्या मोडक्या गुडघ्यांनी फाटकाबाहेर पडली.

आमच्याकडे कुणाच्या दारात गेलं की ‘मान!’ म्हणून साद घालायची, आणि आतल्यानं ‘आदर!’ म्हणून दार उघडायचं. एक तारखेला तरी लोक हे पाळतात, बाकी दिवस विसरतात. इस्मेनीनं पहिल्या दारात उभं राहून साद घातली, “मान!”

“आदर!” ओरेलुस बाहेर आला. “काय गं? तुझं सूप गिळून अजून ढेकर नाही दिला मी.”

“तुझ्या घरचं थोडं घाल यात.”

“तू? मागायला आलीस?” तो चिडवायच्या तयारीत होता. मग त्यानं तिच्या फाटकातून पाहिलं. मोठ्या खुर्चीत पोर अवघडून बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. तो आत गेला आणि पळीभर घट्ट सूप घेऊन आला. वाडग्यात ओतता ओतता एवढंच म्हणाला, “पुढच्या दारी मी येऊ का बरोबर?”

“नको. माझे मी चालते.”

ती आळीभर दारोदार फिरली. जन्मात कुणाकडे काही न मागितलेली बाई “मान!” म्हणत उभी राहत होती आणि घराघरातून “आदर!” येत होतं. कुणी मांसाचा तुकडा घातला, कुणी बटाटा, बाळंतिणीनं अर्धी पळी घातली. कुणी कारण विचारलं तर ती सरळ सांगायची, “माझी नात उपाशी राहिली. माझ्यामुळे.” हे सांगताना तिला फार लाज वाटत होती, तरी ती सांगत होती.

परत आली तेव्हा वाडगा काठोकाठ होता. तिनं तो विडलीनच्या हातात दिला आणि स्वतः समोर उभी राहिली.

“आजी, तू बस ना. पाय दुखतील.”

“दुखू देत. तू पी.”

पोर प्यायली. आधी लाजत, मग घाईघाईनं, मग वाडगा तोंडाला लावून. “हे कुणाकडचं गं? प्रत्येक घोट वेगळाच लागतो.”

“सगळ्यांकडचं.”

इस्मेनी खाली वाकली, पातेल्यात टाकलेला चमचा उचलला आणि तळाशी उरलेली खरवड तोंडात घातली. बराच वेळ चघळत राहिली.

“कशी आहे?” विडलीननं विचारलं.

“तू सांग. तुला आवडते ना?”

पोरीनं आजीकडे पाहिलं. मग वाडग्यात डोळे घालून, अगदी हळू म्हणाली, “नाही आवडत. करपट लागते.”

“मलाही,” इस्मेनी म्हणाली. “कधीच नाही आवडली.”

हे आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाजवळ बोलली होती.