वाघिणीचा घास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी त्याच्या आईबद्दलचं पोटातलं सगळं सांगत आले. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी सिंदी मेघेला राहायचे आणि दुपारच्या एसटीने सेलूच्या पुढे, बोरच्या जंगलालगतच्या एका गोंड वस्तीवर बायांचा साक्षरता वर्ग घ्यायला जायचे. बाया घरात गोंडी बोलत, बाजारात वऱ्हाडी, आणि माझ्यासमोर — काहीच नाही. ‘कमळ बघ’ गिरवताना त्यांना जांभया यायच्या. मग मला सुचलं, प्रत्येकीने आपल्या कुळाची जुनी गोष्ट मराठीत लिहायची आणि वर्गात वाचून दाखवायची. काय सांगू, बाया भांडून कागद मागू लागल्या! तुमची गोष्ट, तुमचे शब्द, मी हात लावणार नाही — असं मी त्यांना कबूल केलं होतं. तेव्हा ते खरंही होतं.

मैना त्यांच्यात सगळ्यात हुशार. तिशीची असेल. तिने बापाकडून ऐकलेली गोष्ट तीन आठवडे खपून लिहिली, दोन कागद भरून. त्यांच्या पहिल्या आजीचं दूध दुष्काळात आटलं, तेव्हा एका वाघिणीने तिचं लेकरू पाजून जगवलं. पुढे शिकारी आले. ओंजळभर धान्यासाठी आजीने त्यांना वाघिणीच्या पिल्लाची जागा दाखवली. वाघीण शोधत दारात आली, तर आजी म्हणाली — मले नाई माहीत. म्हणून नवी ज्वारी घरात आली की पहिला घास उंबऱ्याबाहेर वाघिणीसाठी ठेवायचा, आणि घरातल्या थोरल्याने आजीची ती चूक सगळ्यांसमोर सांगायची. दरवर्षी.

आम्ही वर्गाचं हस्तलिखित काढलं. जिल्ह्याचे साहेब यायचे होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्या गोष्टी मीच उतरवत होते. मैनाच्या गोष्टीपाशी हात थांबला. यांची मूळ आजीच दगाबाज? साहेब काय म्हणतील? आणि खरं सांगू — मला त्या बायांची काळजी नव्हती, माझ्या नावाची होती. मी शेवट बदलला. माझ्या गोष्टीतली आजी पिल्लू पदराखाली लपवते, शिकाऱ्यांना पिटाळून लावते. खाली ठसठशीत अक्षरात तात्पर्य — भूतदया. मैनाचे दोन कागद त्याच दिवशी मी बंबात घातले. अंघोळीचं पाणी तापलं.

साहेबांसमोर मैना हस्तलिखितातून वाचू लागली. मध्येच अडखळली. वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे, येत होतं म्हणून — हे फक्त मला कळलं. तरी तिने शेवटपर्यंत वाचलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीशी उकिडवा बसलेला तिचा बाप उठून निघून गेला.

मग ती माझ्याजवळ आली. रागावून आली असती तर! पण तिचा आवाज ओशाळलेला होता. “बाई, म्या असं नाई लिहिलं वाटते.”

“तूच लिहिलं होतंस, मैना. मी नुसतं उतरवलं.”

तिने पटल्यासारखी मान हलवली. अक्षर खोटं बोलत नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं? मीच ना?

त्या वर्षी नवी ज्वारी आली. म्हातारा गोष्ट सांगायला बसला, तर मैनानेच त्याला अडवलं — बा, कागदावर तसं नाई. घरच्यांनी कागदाची बाजू घेतली. त्याने ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही, आणि दोन वर्षांनी तो गेला. बाया मला हे कौतुकाने सांगत होत्या, मैना किती शिकली बघा म्हणून. मीही हसले. हो, हसले.

वर्ग केव्हाच बंद पडला होता. पाच-सहा वर्षांनी मैनाने मला नव्या ज्वारीच्या जेवणाला बोलावलं. माझी गोष्ट तिने पोरांना सांगितली — शब्दन् शब्द माझा, भूतदयेसकट. मग उठून तिने पहिला घास उंबऱ्याबाहेर ठेवला. तिच्या धाकट्या पोरीने विचारलं, “आजीनं त पिल्लू वाचवलं. मंग घास काऊन ठेवाचा?”

मैना घुटमळली. “बा काईतरी सांगे… बाई, तुमाले माहीत असन?”

सगळे माझ्याकडे बघत होते. तोंड उघडायचं, एवढंच तर होतं. मला ती गोष्ट पाठ होती — आजही आहे.

“मला नाही माहीत,” मी म्हणाले.

मैनाने मान हलवली, आणि माझ्या ताटात आणखी एक गरम भाकर वाढली.