जाऊबाईंच्या नावापुढचं शून्य

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी वीज कंपनीच्या तक्रार-फोनवर लोकांच्या शिव्या खाण्यात जन्म घालवला. पलीकडचा कितीही तापलेला असो, फोन ठेवताना तो यांचीच चौकशी करायचा. घरात एवढा गोडवा मी तरी कधी ऐकला नाही, पण ते असो.

निवृत्तीनंतर त्या आणि आमचे भावजी इंटरनेटवरच्या एका मंडळात शिरले. अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, तीही फुकट. बाहेरचा आवाज नको म्हणून भावजी कपड्यांच्या कपाटात बसून वाचायचे आणि मधूनमधून खोकायचे. त्या खोकल्यानंच ते गेले. त्यांच्या वाचनाची प्रत जाऊबाईंच्या फोनमध्ये होती, पण तो आवाज अजून कुणाच्या तरी कानी पडतोय, यावरच बाई तग धरून होती.

मग मंडळानं ॲडमिन निवडायचं काढलं. कुठलं वाचन ठेवायचं, कुठलं उडवायचं, सगळं त्याच्या हाती. दातांचा एक डॉक्टर उभा राहिला. खोकलेली, खाकरलेली सगळी वाचनं काढणार, हे त्याचं पहिलंच आश्वासन. ते वाचून जन्मात कशाला उभ्या न राहिलेल्या जाऊबाई उभ्या राहिल्या.

निवड साइटवरच्या नोंदी बघून होणार होती. ‘मिटवलेली भांडणं’ या रकान्यात डॉक्टरचा आकडा हा एवढा! स्वतःच चव्हाट्यावर भांडण उकरून काढायचं आणि स्वतःच ‘विषय बंद’ म्हणून शेरा मारायचा. जाऊबाईंपुढे शून्य. कुणी रुसलं की या सरळ फोन लावायच्या, भांडण साइटवर यायचंच नाही.

“मग सांगा की हे सगळ्यांना!” मी म्हटलं.

“अगं, माझ्यापाशी कोण रडलं ते चारचौघांत सांगू? पुन्हा कोण बोलेल माझ्याशी?”

त्या रडणाऱ्यांतल्याच एकीनं मत देताना लिहिलं, ‘काकू प्रेमळ आहेत, पण भांडणं हाताळायचा अनुभव नाही.’ गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य निवडून आला.

त्याच आठवड्यात भावजींची पुस्तकं उडाली. पाठोपाठ डॉक्टरचा फोन. “काकू, ऐकणारे विचारतायत, ती पुस्तकं कुठे गेली. तुमचा आवाज स्वच्छ आहे. तुम्हीच परत वाचाल का?”

मी खुणेनं सांगत होते, आपटा फोन. पण जाऊबाई त्याच ऑफिसातल्या आवाजात म्हणाल्या, “वाचते की. लोक खोळंबले असतील.”

“नाही म्हणायला जीभ झडली होती का?” मी चिडून विचारलं. त्या पुस्तक घेऊन कपाटात जाऊन बसल्या.

वाचता वाचता मध्येच थांबल्या. रडतायत वाटून मी दार उघडलं, तर डोळे कोरडे, बोट ओळीवर.

“इथे खोकायचे ते,” म्हणाल्या. “तेवढी जागा सोडतेय. दार लाव.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं कळवलं, ‘वाचन उत्तम. मधल्या रिकाम्या जागा तेवढ्या कापून टाकल्यात.’