भाऊजींनी गरम करून ठेवलेलं विमान

विमानाच्या नाकावर तळहात ठेवला आणि आरसाबाईंचं डोकं तापलं. कारण नाक कोमट लागत होतं.

"कुणी सुरू केलं होतं हे?"

विमान विकायला काढणारे दंतवैद्य भाऊजींकडे बघत राहिले आणि भाऊजी शेडच्या छताकडे. भाऊजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. विमान घेणार ते, आणि घेण्याजोगं आहे की नाही ते सांगणार बाई.

"भाऊजी, मी विचारतेय."

"अहो वहिनी, तुम्ही एवढ्या लांबून येणार. म्हटलं, आल्या आल्या पहिल्या फटक्यात सुरू व्हायला हवं. म्हणून सकाळीच येऊन जरा गरम करून ठेवलं."

"गरम करून ठेवायला? मी काय जेवायला आलेय?"

फोनवर तीनदा बजावलं होतं की मी येईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही. थंड इंजिन खरं बोलतं. सुरू होताना खोकतं, धूर सोडतं, कुठे दुखतंय ते सांगतं. एकदा गरम झालं की पाहुण्यांपुढच्या मुलासारखं गोड वागतं. हे सगळं भाऊजींनी "हो वहिनी, हो वहिनी" करत ऐकलं होतं आणि शेवटी करायचं तेच केलं होतं.

"आता थंड व्हायला तीन तास," बाई म्हणाल्या. "तोवर बसा."

"तीन तास? मी अकराची वेळ घेऊन ठेवलीय उडायची!"

"मग पंख लावा आणि उडा. मी अडवत नाही."

बाई गेली एकतीस वर्षं छोटी विमानं दुरुस्त करत होत्या. आरसाबाई हे नाव त्यांना त्यांच्या कामाच्या शेडमधल्या लोकांनी ठेवलं, कारण त्यांच्या खिशात कायम एक लांब दांडीचा, घड्याळाच्या तबकडीएवढा आरसा असायचा. नवीन आलेला कुणी वैमानिक हमखास म्हणायचा, "बाईंना तोंड बघायची भारी हौस!" बाई म्हणायच्या, "माझं तोंड मला पाठ आहे. तुमच्या विमानाचं बघतेय." आणि आरसा कुठल्या तरी फटीत सरकवून वाकायच्या. कुठलंही झाकण उघडण्याआधी त्यांचे ओठ हलायचे. 'देवा, असेल ते दाखव.' सगळं चांगलं निघू दे असं त्यांनी कधी मागितलं नाही. जे आहे ते आहेच. त्याला देव तरी काय करणार? फक्त आपल्या नजरेतून सुटू नये.

आज ते मागणं जास्तच मनापासून होतं. भाऊजींनी शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म घालवला होता. फळ्यावर खडूने काढलेल्या नद्या त्यांना आता वरून बघायच्या होत्या. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी उडायचा परवाना काढला, आणि डोळ्यांची तपासणी पास होतेय तोवर उडून घ्यायचं म्हणून ही घाई. पण बाईंच्या मनात भाऊजींपेक्षा त्यांची बायको, जाऊबाई होत्या. ती बिचारी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढली तरी डोळे मिटते. ती मागच्या आठवड्यात म्हणाली होती, "ताई, यांच्या म्हणण्यावर मी विमानात बसणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर बसेन, मग विचारणार नाही काही." तेव्हापासून बाईंच्या छातीवर धोंडा होता. तिने विश्वास टाकला होता, आणि तोही डोळे मिटून.

आज जाऊबाई शेडच्या दाराशी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. नवऱ्याने 'आजच चक्कर मारू' म्हणून आणलेलं.

बाईंनी स्क्रू काढायला घेतले. पंखांखाली, पोटाखाली, शेपटीजवळ बशीएवढी झाकणं होती. एकेक उघडायचं, बॅटरी मारायची, आरसा घालायचा. दंतवैद्य मागोमाग फिरत होते. माणूस सज्जन, पण तोंडाला विश्रांती नव्हती.

"बाई, उगाच त्रास घेताय. अहो, वापरलेलंच नाही फारसं. तीन वर्षं नुसतं उभं आहे."

"तेच तर."

"तेच तर म्हणजे?"

"तुमच्याकडे एखादा पेशंट आला आणि म्हणाला, डॉक्टर, मी तीन वर्षं दात घासलेच नाहीत, त्यामुळे झिजलेले नाहीत. तर?"

दारातून जाऊबाईंचं हसू ऐकू आलं. दंतवैद्य पुढचं झाकण धरायला वाकले.

भाऊजी मात्र एव्हाना विमानात चढून सुकाणू धरून बसले होते. बाई शेपटीपाशी डोकं घालून बघत असताना शेपटीचा पत्रा खाड्कन हलला आणि कपाळाला लागला.

"भाऊजी!"

"बघत होतो, मोकळं फिरतंय का. मस्त फिरतंय वहिनी!"

"उतरा खाली. आत्ताच्या आत्ता. आणि हात खिशात घाला. दोन्ही!"

"तुम्हाला ना वहिनी, प्रत्येक विमानात काही ना काही दिसतंच," भाऊजी उतरता उतरता कुरकुरले. "पहिलं नको, त्याचे सिलिंडर गेलेत. दुसरं नको, ते कुठे तरी आपटलंय. तुमच्या पसंतीची वाट बघता बघता मला काठी लागायची वेळ येईल."

बाई कपाळ चोळत आत शिरल्या, मागच्या सीटची गादी काढून वर चढल्या. वर, छताच्या अस्तराआड, दोन्ही पंख ज्या आडव्या तुळईवर तोललेले असतात ती तुळई असते. हात जाईल, पण डोकं जाणार नाही अशी जागा. देवा, असेल ते दाखव. आरसा वर सरकवला.

आरशात आधी दिसला पिवळ्या स्पंजचा गोळा. सीटमधला स्पंज कुरतडून उंदरांनी ऐसपैस घर केलं होतं. बाईंनी ते चिमट्याने ओढून काढलं. त्याखाली ॲल्युमिनियमच्या तुळईवर पांढरी भुकटी होती आणि पत्र्याला पापुद्रे सुटले होते.

"भाऊजी, हे नाही घ्यायचं," त्या खाली उतरून म्हणाल्या. "उंदराच्या मुतानं तुळई खाल्लीय."

"उंदीर!" भाऊजींनी खिशातले हात बाहेर काढून कपाळावर मारले. "आता उंदरापायी नाही म्हणणार? पुसून घेऊ की वहिनी! रंगाचा एक हात मारू. किरकोळ आहे हो."

"किरकोळ नाही."

"तुम्हाला सगळं मोठंच दिसतं. त्या आरशात मोठं दिसत असेल."

बाईंना वाटलं, आता एक तर मी रडेन नाही तर पाना फेकून मारेन. घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. ओझं कुठून कुठे जातं, उडताना तुळईवर किती ताण येतो. भाऊजींची मान हलत होती, पण नजर विमानाच्या निळ्या पट्ट्यावरून हलत नव्हती. शेवटी त्या कंटाळून दंतवैद्यांकडे वळल्या. आरसा त्यांच्या हातात दिला.

"तुमचंच काम आहे. तुमच्या आरशापेक्षा हा मोठा आहे, एवढंच. बघा."

दंतवैद्य आत चढले. आरसा हातात आला आणि त्यांची बडबड थांबली. मान एका बाजूला झुकली. बॅटरी दुसऱ्या हाताने आपोआप बरोबर कोनात धरली गेली. बराच वेळ झाला.

"टोचणी आहे काही?"

बाईंनी लाकडाची टोकदार काडी पुढे केली. त्यांनी ती तुळईवर हलकेच दाबून पाहिली. पापुद्रा निघून खाली पडला. आणखी एक पडला.

"कीड आहे," ते म्हणाले. मग आपण कुणाच्या विमानाबद्दल काय बोललो हे लक्षात येऊन त्यांचा चेहराच उतरला.

"भरता नाही का येणार?" भाऊजींनी खालून विचारलं.

दंतवैद्यांनी सुस्कारा सोडला. दुसरा कुणी असता तर इथे हो म्हणाला असता. "नाही मास्तर. खोल गेलीय. ही भरायची नसते. काढायची." ते खाली उतरले आणि बाईंना आरसा पुसून परत दिला. "मी कधी वर बघितलंच नाही हो बाई. गेल्याच महिन्यात नातीला फिरवायचं म्हणत होतो यातून."

बाईंनी सगळी झाकणं एकेक करून परत लावली. इंजिन तोवर छान थंड झालं होतं, पण आता त्याला कोण विचारतो!

परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता अर्ध्या तासाने भाऊजींना कंठ फुटला.

"काही म्हणा, डॉक्टर माणूस हुशार. एक नजर टाकली आणि निकाल. असं कुणी नीट सांगितलं की पटतं."

बाईंनी डोळे मिटले. एकतीस वर्षं. आणि पटलं कुणाचं, तर दात काढणाऱ्याचं. देवा, दाखव म्हटलं होतं, दाखवलंस. पण वदवलंस कुणाच्या तोंडून!

मागच्या सीटवर जाऊबाईंनी डबा उघडला आणि पहिला घास पुढे बसलेल्या बाईंच्या हातावर ठेवला.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमची ती दाढ दुखतेय ना? उद्या ताईंकडे दाखवून घ्या."