मशीन बंद कर, मग सांगते

लंडनच्या इल्फर्ड भागात आमच्या शेजारी राहणारी माझी मैत्रीण मूळची जमैकाची. एकाच हॉस्पिटलात आम्ही दोघींनी नर्स म्हणून आयुष्य काढलं. रिटायर झाल्यावर, दोन हजार सालानंतर केव्हातरी, ती गॅसवर भांडं ठेवून विसरायला लागली. त्याच सुमाराला तिच्या चर्चच्या हॉलमधून काळ्या ज्येष्ठांचा एक गट निघू लागला. दर मंगळवारी ओळखीच्या रस्त्यांवरून चालायचं, मध्येमध्ये थांबून जुन्या आठवणी सांगायच्या. त्याने मेंदू ताजा राहतो म्हणे.

युनिव्हर्सिटीची एक मुलगी रेकॉर्डर घेऊन बरोबर असायची.

"कोण किती विसरलंय ते टिपायला आलीय," मैत्रीण म्हणाली. "तू चल माझ्याबरोबर. लक्ष ठेव तिच्यावर."

मी गेले. मुलीचं गोड बोलणं मलाही खटकलं. सुई टोचायच्या आधी आम्ही पेशंटशी असंच बोलायचो. तिचा संमतीचा फॉर्म मी दोनदा वाचला आणि मैत्रिणीला सही करू दिली नाही.

तीन मंगळवार मैत्रीण हवापाण्यापलीकडे काही बोलली नाही. चौथ्या खेपेला आमच्या जुन्या हॉस्पिटलापाशी थांबलो. तिथे आता फ्लॅट झाले होते. ती मुलीला म्हणाली, "मशीन बंद कर, मग सांगते."

लाल दिवा विझलेला मी वाकून पाहिला.

"एका पेशंटने माझा हात झिडकारला. काळी नर्स नको म्हणाला. ही शेजारीच उभी होती." तिने माझ्याकडे बोट केलं. "हिने ट्रॉली वळवली आणि निघून गेली."

मला काहीच आठवेना. ही माझी दुसऱ्याच कुणाशी गल्लत करतेय, असं वाटलं. विसरायला लागलीच होती ना ती! पण माझ्या कार्डिगनचं रफू, ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक, सगळं ती सांगत होती. ते चाक मला आठवत होतं. मग बाकीचं का नाही? आठवडाभर मी स्वतःवरच संशय घेत राहिले. विसरले होते, की विसरायचं ठरवलं होतं?

पुढच्या मंगळवारी तिला म्हटलं, "मला आठवत नाही. पण मी तसं केलं असेल. चुकलंच माझं."

"केलंस," ती म्हणाली. "आणि नंतर वर्षभर माझा चहा करून ठेवायचीस, एक शब्द न बोलता. तेही नाही आठवत?"

"नाही गं."

ती हसली नाही. माझा दंड धरून चालायला लागली.