मी शिवलेली राईची उशी

रेवदंड्याला घराच्या ओटीवर माझं शिलाई मशीन आहे. ब्लाउज, परकर तर शिवतेच, पण माझं नाव झालं ते बाळाच्या सेटमुळे. मऊ गादी, दोन बाजूंना दोन छोटे लोड आणि डोकं गोल व्हावं म्हणून राई भरलेली उशी. अलिबागच्या एका दुकानदाराला मी वर्षानुवर्षं असे सेट दिले.

शेजारची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्यासाठी मी आपणहून सेट शिवला. तिचा नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. बाळ अडीच महिन्यांचं होतं. एका दुपारी तिने त्याला पाजलं, टोपरं घालून कुशीवर ठेवलं, दोन्हीकडून लोड लावले, वर दुपटं पांघरलं आणि मागच्या दारी कपडे धुवायला गेली. परत आली तर बाळ पालथं झालेलं, नाक उशीला टेकलेलं. श्वास नव्हता. रिक्षाने दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. तपासणीत कुठला आजार निघाला नाही की इजा.

तिसऱ्या दिवशी तिच्या सासरची माणसं आली. माजघरात बायका बसल्या होत्या. सासू म्हणाली, "पाजता पाजता झोप लागली असंल हिला. अंगाखाली आलं असंल."

"हल्लीच्या पोरींना भान न्हाय," दुसरी म्हणाली.

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. दुधाने तिचा ब्लाउज भिजला होता, आणि ती ऐकत होती. मी काही बोलले नाही. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे गेले आणि सरळ विचारलं, "माझ्या उशीने गेलं का ते बाळ?"

"असं नक्की कोणी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "काही बाळं झोपेत जातात, कारण सापडत नाही. पण धोका कशाने वाढतो ते माहीत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी लागत नाही, लोड लागत नाहीत. उताणं झोपवायचं, कडक सपाट गादीवर, आईजवळ पण वेगळ्या अंथरुणावर. फार गुंडाळायचं नाही. त्या घरात कोणी बिडी ओढतं?"

ओढायचे. मुलीचे वडील त्याच खोलीत बसून ओढायचे. शिवाय रोज ओव्याची धुरी.

"हे तिला आधी कोणी का सांगितलं नाही?"

"सांगायचं असतं. गर्दीत राहून जातं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी सोडताना तिला कार्ड दिलं होतं, लसींच्या तारखा लिहिलेलं. बाळाला झोपवायचं कसं, यावर एक ओळ नाही. बारशाला अख्ख्या गल्लीने ती उशी हातात घेऊन वाखाणली. आणि जाब विचारायची वेळ आली तेव्हा एकटीच मुलगी सापडली.

मी तशीच मुलीच्या घरी गेले. सासू अजून तिथेच होती. सगळ्यांसमोर म्हटलं, "उशी मी शिवली. लोड मी शिवले. कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा. बिडी याच खोलीत ओढली जात होती, तेव्हा कोणी तोंड उघडलं नाही. हिला बोलायचं नाही."

वडील उठून बाहेर गेले. सासू म्हणाली, "आमची पोरं न्हाय वाढली अशी?"

"वाढली. जी नाही वाढली, त्यांच्या आयांनाही तुम्ही असंच बोललात."

मुलगी हळूच म्हणाली, "काकी, मला कोणी सांगितलं असतं तर मी नसतं ना हो तसं ठेवलं." मग ती रडली, त्या दिवसांत पहिल्यांदाच.

दुकानदाराला मी सांगून टाकलं की लोड-उशी शिवणार नाही, फक्त सपाट गादी. तो म्हणाला, "मावशी, अर्धा सेट कोण घेणार?" आता तो दुसरीकडून माल आणतो. ओटीवर येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला मी उताणं झोपवायचं सांगते. काहीजणी ऐकतात. काहींच्या सासवा म्हणतात, शिंपिणीने डॉक्टरकी करू नये. मी करते.

ती मुलगी नवऱ्याकडे परत गेली. पहिले काही महिने सासू तिच्याशी बोलली नाही. नवरा मात्र बोलला, आणि घरात बिडी-सिगरेट बंद केली. फोनवर ती मला हे सांगते तेव्हा तिचा आवाज ठीक असतो. माझाच रागाने चढतो.