गौरीची सुरमई

पिशवी कितीही मोठी असो, काका आधी ती हातात घेऊन तोलायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "ठेव रे. जागा होतली."

तुमच्याही इमारतीत असा एक माणूस असेल, नीट आठवून पाहा. आमच्या काळेवाडीच्या इमारतीत तळमजल्यावरचे हे काका होते. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर. मूळचे मालवणकडचे. बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून त्यांनी एक आडवा डीप फ्रीझर आणला होता, गावाहून आणलेली मासळी ठेवायला. तो हॉलमध्येच होता, कारण दुसरीकडे मावत नव्हता. हॉलमध्येही मावत नव्हता, पण ते काकांना पटत नसे.

मासळीपुरता तो फार दिवस राहिला नाही. पहिल्या मजल्यावरच्या नगरच्या वहिनींचे सोललेले मटार आले, साताऱ्याच्या भाऊंचा आमरस आला, लातूरहून माझ्या आईने पाठवलेला हुरडा आला. तो काढायला गेलो की काका आधी आईच्या गुडघ्याचं दुखणं विचारायचे. आमचं घर माळकरी. मासळी आणि हुरडा यांच्यामध्ये थर्माकोलची एक भिंत होती, आणि निम्म्या इमारतीचा धर्म तिच्यावर उभा होता.

मला स्वतःलाही काकांनी असंच ठेवून घेतलं होतं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. नोकरी लागली तेव्हा खोली मिळेना. सुरुवातीचे काही आठवडे त्या फ्रीझरशेजारी गादी टाकून झोपलो. त्याच्या घरघरीची इतकी सवय झाली की पुढे स्वतःच्या खोलीत झोप येईना.

तर त्या श्रावणातल्या एका रविवारी फ्रीझर गार करेनासा झाला. मोटर चालू, दिवा चालू, आणि मटार मऊ.

आमच्या इमारतीत मेंटेनन्सवाले, क्वालिटीवाले, टूलरूमवाले असे सगळेच होते. एका डब्याला इतके डॉक्टर कुणाच्या नशिबी येत नाहीत. कुणी म्हणालं गॅस गेला. कुणी म्हणालं व्होल्टेज कमी आहे. साताऱ्याचे भाऊ तर कॉम्प्रेसर गेलाच असं छातीठोक सांगत होते. आणि मत देण्याआधी प्रत्येकजण झाकण उघडून आत हात घालून बघत होता. शेवटी काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आणखी कोण राहिलंय दर्शनाचं?"

मग आम्ही प्लग तपासला, फ्रीझर भिंतीपासून ओढला, मागच्या जाळीवरची धूळ झटकली. फरक पडला नाही. टूलरूमवाल्याने झाकणाच्या फटीत वर्तमानपत्राचा कपटा धरून झाकण लावलं आणि कपटा ओढला. तो अलगद बाहेर आला. रबर चांगलं होतं. माल इतका वर आला होता की झाकण टेकतच नव्हतं, आणि गारवा रोज थोडा थोडा निघून जात होता.

रोग सापडला. इलाजही सोपा, निम्मा माल काढायचा. प्रश्न एवढाच होता, कुणाचा.

एवढा वेळ बोलणारी इमारत गप्प झाली. वहिनींना आठवलं की मटार पुन्हा सीझनशिवाय मिळणार नाहीत. भाऊंचा आमरस मुलीच्या डोहाळजेवणाचा होता. मीही आईच्या हातचं म्हणून काहीतरी पुटपुटलो. काकांनी एकदा जरी कुणाकडे बघितलं असतं, तर त्याला आपली पिशवी उचलावी लागली असती. त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. थर्माकोल उचलला आणि खालून सुरमईचे तुकडे काढायला लागले.

काकू दारात आल्या. त्यांच्याकडे गौरीला तिखटाचा, म्हणजे मासळीचा, नैवेद्य असतो. ही सुरमई काकांच्या भावाच्या होडीतली, पावसाआधी त्यासाठीच आणून ठेवलेली.

"गौरीला काय दाखवणार? परक्याचे मटार?"

"माहेरवाशीण ती," काका म्हणाले. "समजून घेईल."

"ती घेईल. मी नाही घेणार."

काका पुन्हा फ्रीझरवर वाकले. तुकडे परातीत ठेवत राहिले.

सगळ्यांचाच श्रावण, त्यामुळे बर्फ सुटलेली सुरमई खाणार कोण? काकूंनी तवा द्यायला नकार दिला. काकांनी मागच्या अंगणात वॉचमनच्या शेगडीवर ती स्वतः तळली. वॉचमन नेपाळचा, त्याला आमचा श्रावण नव्हता; त्याचं कुटुंब भोवती बसलं होतं. काकांना चव घेता येईना. प्रत्येक तुकडा वाढला की ते विचारत, "नमक बराबर?" वॉचमन मान हलवी, तेव्हा ते पुढचा तुकडा तव्यात सोडत.

दुसऱ्या दिवशी मटार दगडासारखे झाले होते. भाऊ जिन्यात सांगत होते, कॉम्प्रेसरला जरा विश्रांती हवी होती, एवढंच. गौरीला काकूंनी बाजारातली कोळंबी आणली आणि आरती संपेपर्यंत काकांशी अवाक्षर बोलल्या नाहीत.

पुढे काका निवृत्त होऊन गावी गेले. फ्रीझर इमारतीला देऊन गेले. आता तो पार्किंगमध्ये असतो. आम्ही शिकलेल्या लोकांनी नियम केले आहेत. प्रत्येक घराला एक टोपली, टोपलीवर घराचा नंबर, झाकणाला कुलूप, घरटी एक किल्ली. झाकण घट्ट बसतं. बर्फ उत्तम होतो. निम्मा फ्रीझर रिकामाच असतो.

मागच्या रविवारी मी हुरडा काढायला खाली गेलो. कुलूप काढलं, पाकीट घेतलं, कुलूप लावलं. आईचं गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे, हे कुणीच विचारलं नाही.