काळ्या मखमलीची थैली

हिंगणीच्या प्रेमदासने जादूची एकही वस्तू कधी शिंप्याकडे टाकली नाही. शिंप्याच्या पोटात काही राहत नाही, असं त्याचं पक्कं मत होतं. पण घरातच शिंपीण असल्यामुळे ते मत उघड बोलायची सोय नव्हती. बायको मंदाबाई गावभरच्या बायांची पोलकी शिवायची. जादूची थैली शिवायची वेळ आली की मात्र प्रेमदास तिलाच खोलीबाहेर काढायचा, आतून कडी लावायचा आणि तिच्याच मशीनवर वाकडीतिकडी टीप मारत बसायचा. ती ओसरीवर तांदूळ निवडायची. मशीनच्या आवाजावरूनच तिला कळायचं की दोरा तुटला. पण आत ती कधी डोकावली नाही.

कापसाच्या जिनिंगमधली नोकरी संपली, जादू राहिली. तीही आता थकली होती. पूर्वी पोरं आ वासून बघायची. आता मोबाइलवर काढून घेतात आणि तिथंच हळू चालवून बघतात. मागच्या खेळात तर एकाने नाणं कोणत्या बाहीत गेलं ते सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं. प्रेमदास तिथं हसला, घरी येऊन जेवला नाही. खरं सांगायचं तर त्याला या सगळ्याचा वीट आला होता. दर वेळी मनापासून फसणारं एकच माणूस उरलं होतं, मंदाबाई. रिकाम्या थैलीतून फुलं निघाली की ती पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून "अवं माय!" म्हणायची. तेवढ्यासाठी तो अजून जादूची पेटी उचलत होता.

यंदा शाळेच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी थैली बाहेर काढली, तर उंदरांनी तिचं बूड खाल्लेलं. नवी शिवायला बसला, तर काळ्या मखमलीवर काळा दोरा दिसेना; पांढरा घेतला, तर सुईचं भोकही दिसेना. काचबिंदू होता. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आहे ती नजर टिकवू, गेलेली परत येणार नाही. सुई दोनदा बोटात घुसली. शेवटी त्याने तुकडे कापले, खडूने खुणा केल्या आणि दार उघडलं.

"मंदे, एवढं शिवून दे. खुणा हायेत तिथं शिव. काऊन, कशाले, इचारू नोको."

"मी कवा इचारलं जी?"

तिने बघता बघता शिवून दिली. टीप कशी, तर पट्टी धरून मारलेल्या रेघेसारखी. प्रेमदासने आत हात घालून चाचपलं आणि त्याचा चेहरा पडला. चोरकप्प्याचं तोंडच बंद! मधल्या अस्तराची एक कड त्याने मुद्दाम उघडी सोडली होती. पण कड उघडी सोडणं मंदाबाईच्या हाताला ठाऊकच नव्हतं. बिचाऱ्याला दिसत नाही, खूण करायची राहून गेली असेल, असं समजून तिने तिथं दुहेरी टीप मारली होती.

"हे काऊन शिवलं?"

"उघडं राह्यलं होतं न! लोकं काय म्हणतीन, शिंपिणीच्या घरची थैली अन् उसवलेली?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खाटेवर बसून, खाली मान घालून त्याने सांगितलं. थैलीला दोन पोटं असतात. एकात फुलं दाबायची, दुसरं उलटं करून लोकांना दाखवायचं. मंदाबाईने थैली हातात घेऊन एकदा उलटीसुलटी केली.

"बस? इतकंच व्हय?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याने परतवला असता. तिला नुसतं वाईट वाटलं होतं, आणि ते त्याला पाहवेना. तिने ब्लेडने टीप उसवली, कड आत दुमडून बारीक हेम घातली. "आता कोनाले नाई दिसनार," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खरंच कुणाला दिसलं नाही. फुलं निघाली, मोबाइलवाल्या पोरांनाही काही सापडलं नाही, टाळ्या पडल्या. प्रेमदासने सवयीने पहिल्या रांगेकडे पाहिलं. मंदाबाई फुलांकडे बघतच नव्हती. ओठ घट्ट मिटून ती शिवणीकडे बघत होती. खेळ निभावला तसा तिने सुस्कारा सोडला, एवढंच. प्रेमदासला वाटलं, पेटी इथंच ठेवून घरी जावं. पण कार्यक्रम बाकी होता. त्याने लाल रुमाल मुठीत कोंबला आणि मुठीतून हिरवा ओढून काढला.

"अवं माय!"

हळूच आलं, पण खरं होतं.

परतताना पेटी मंदाबाईने घेतली. बोरीखालच्या वळणावर ती म्हणाली, "थैली शिवत जाईन मी. पन रुमालाचं सांगू नोका मले. फाटला तरी तुमीच शिवजा. वाकडा शिवला तरी चालते."

रुमालाची आतली शिवण आजच्याच खेळात उसवली होती. अंगठ्याला साफ जाणवलं होतं.

"शिवीन न," प्रेमदास म्हणाला. एवढं मोठं खोटं तो कधी खेळातही बोलला नव्हता.